इंदुरातल्या परसातल्या कोंबड्या : बारा महिन्यांचं दाणापाणी

कोंबडी खायचं थांबते ती बहुतेक अंगाला लागणारी ऊर्जा मिळाली म्हणून. जानेवारीत शरीराची ऊब राखायला जास्त ऊर्जा लागते, तेव्हा ती जास्त खाते. मे महिन्यात तीच कोंबडी दाण्याकडे पाठ फिरवते. अंड्याला लागणारी प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र दोन्ही महिन्यांत तेवढीच लागतात. उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी, या नवख्यांच्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. म्हणून पहिली खरेदी खाद्याची करू नका. पाच किलोपर्यंत तोलणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मिलिलिटरच्या खुणा असलेला मग आधी घ्या.

पुढचे आकडे अंड्यावर आलेल्या आठ कोंबड्या धरून दिले आहेत. मध्यम हवामानात एक कोंबडी दिवसाला 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे 200 ते 250 मिली पाणी पिते. आठ जणींना 900 ग्रॅमच्या आसपास खाद्य आणि दोन लिटर पाणी. कडकनाथ जातीची कोंबडी लहान चणीची असल्याने थोडी कमी खाते. रोज सकाळी घातलेलं तोलून घाला, दुसऱ्या सकाळी उरलेलं तोला आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दोन आकडे लिहा. आजारी कोंबडी मान टाकण्याच्या एक-दोन दिवस आधी पाणी किंवा दाणा कमी करते. हे डोळ्यांना दिसत नाही, आकड्यांत दिसतं.

भांडी आणि त्यांची जागा

खाद्यपात्राची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला हवी. खाली ठेवलं तर ती पायाने उकरते आणि चोचीने दाणा उडवते. एका कोंबडीला 10 सेंमी जागा लागते, म्हणजे दोन्ही बाजूंनी खाता येणारी 40 सेंमी लांब पन्हळ आठ जणींना पुरते. पन्हळ एक तृतीयांशच भरा. काठोकाठ भरलेल्या पन्हळीतलं खाद्य मातीत जातं आणि रात्री उंदीर येतात.

पाण्याची भांडी दोन ठेवा, एकमेकांपासून लांब. प्रत्येक कळपात एक दांडगी कोंबडी असते. भांडं एकच असेल तर ती त्याच्यापाशी उभी राहते आणि सगळ्यात दुबळी दिवसभर तहानेली राहते. भांडी विटांवर ठेवा आणि भोवती हातभर जागेत बारीक खडी पसरा. मालव्याच्या काळ्या मातीवर पाणी सांडलं की चिखल होतो, कोंबड्या तोच चोचीने उपसतात आणि जंत व हगवणीचे जंतू पोटात घेतात.

नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं, त्यामुळे कोंबड्यांना टाकीतलं किंवा हौदातलं पाणी मिळतं. टाकी झाकलेली हवी. बोअरचं पाणी असेल तर ते बहुधा जड असतं. निपल, म्हणजे चोचीने दाबल्यावर पाणी सोडणाऱ्या तोट्या, लावले असतील तर त्यात क्षार साचून एखादा निपल बंद पडतो. आठवड्यातून एकदा प्रत्येक निपल बोटाने दाबून पाहा. साधी भांडी रोज ब्रशने घासा. आत बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर ते भांडं धुतलेलं नाही असं समजा.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन एरवी फायद्याचं असतं, पण रानीखेत रोगाची जिवंत लस पाण्यातून द्यायची त्या दिवशी तेच लस मारून टाकतं. त्या दिवशी उकळून गार केलेलं पाणी घ्या, लिटरला अडीच ग्रॅम साय काढलेली दूध पावडर मिसळा, दहा-पंधरा मिनिटांनी लस घाला. तासा-दोन तासांत संपेल एवढंच पाणी करा. लस द्यायची वेळ पहाटेची ठेवा.

खाद्य : विकतचं की घरचं?

पहिली सहा महिने विकतचंच घ्या. पोत्याच्या चिठ्ठीवर लेयर (म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं) असं लिहिलेलं, प्रथिनं 16 ते 17 टक्के आणि कॅल्शियम 3.5 ते 4 टक्के असलेलं हवं. पिल्लांना आठ आठवड्यांपर्यंत 20 टक्के प्रथिनांचं स्टार्टर, मग अंड्यावर येईपर्यंत ग्रोअर. लेयर खाद्य तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्यांना, लवकर घालू नका. त्यातलं जादा कॅल्शियम वाढत्या पक्ष्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाही आणि हे नुकसान भरून येत नाही. जनावरांचं पशुखाद्य तर कधीच नको. त्यात युरिया असू शकतो, गाय तो पचवते, कोंबडी नाही. सरकीची पेंडही टाळा, तिच्यामुळे बलक हिरवट पडतो.

घरी मिसळायचं ठरलं तर इंदुरात एक मोठी सोय आहे. सोयाबीन इथलं पीक आहे आणि सोया डीओसी, म्हणजे तेल काढल्यानंतर उरलेली पेंड, सहज मिळतो. पण या सोयीमुळेच एक घोडचूक घडते. शेतावरून आलेलं कच्चं सोयाबीन भरडून कोंबड्यांना घातलं जातं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो. कोंबडी भरपूर खाते आणि तरी खंगते. हा घटक उष्णतेने निकामी होतो. डीओसी तयार होताना त्याला वाफ दिलेली असते, म्हणून तो चालतो.

दहा किलो लेयर खाद्याचं माप असं :

मक्याचा भरडा 5.5 किलो
सोया डीओसी 2.2 किलो
तांदळाचा कोंडा 1.2 किलो
चुनखडी किंवा शिंपल्यांचा चुरा 900 ग्रॅम
डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) 120 ग्रॅम
जीवनसत्त्व-खनिज मिश्रण 50 ग्रॅम, चिठ्ठीवर वेगळं प्रमाण असेल तर तेच
मीठ 30 ग्रॅम

यातून साधारण 16.4 टक्के प्रथिनं आणि 3.7 टक्क्यांच्या आसपास कॅल्शियम मिळतं. आठ कोंबड्यांना हे अकरा दिवस पुरतं. त्याहून जास्त एकदम करू नका, मिसळलेली जीवनसत्त्वं ठेवणीत उतरतात. मिसळण्याची रीतही महत्त्वाची आहे. मीठ, डीसीपी आणि जीवनसत्त्वं आधी अर्ध्या किलो भरड्यात कालवा, ते दोन किलोत, मग उरलेल्यात. सगळं एकदम घमेल्यात ओतून हात फिरवला तर एका कोंबडीच्या वाट्याला मिठाचा गोळा येतो.

चुनखडीऐवजी पानाचा चुना घालू नका, तो तोंड-घसा भाजतो. फरशीच्या कारखान्यातली संगमरवरी भुकटीही नको. त्यात डोलोमाइट असेल तर मॅग्नेशियमने विष्ठा पातळ होते. याशिवाय एका वाडग्यात शिंपल्यांचे जाडसर तुकडे, दोन ते पाच मिमीचे, वेगळे ठेवा. कवच मुख्यतः रात्री तयार होतं. बारीक भुकटी तोवर पोटातून निघून गेलेली असते, जाड तुकडे हळूहळू विरघळत रात्रभर कॅल्शियम पुरवतात. म्हणून हा वाडगा दुपारनंतर भरा. दुसऱ्या वाडग्यात बारीक खडे ठेवा. ते दाणे दळायला लागतात, आणि काळ्या मातीत असे खडे फारसे सापडत नाहीत. शिंपले विरघळतात, त्यामुळे ते खड्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

घरातलं उरलंसुरलं दिवसाच्या एकूण खाद्याच्या दहाव्या हिश्शापर्यंत, म्हणजे आठ जणींत मूठ-दोन मूठ. शिळी पोळी, भात, भाज्यांची देठं चालतात. उरलेल्या पोह्यांवरची शेव आधी काढून टाका. शेव, लोणचं, पापड या सगळ्यात मीठ फार, आणि मिठाचा अतिरेक कोंबडीला विष आहे. कच्चा राजमा आणि हिरव्या पडलेल्या बटाट्याची सालंही नकोत.

उन्हाळा : मार्च ते पहिला पाऊस

कोंबडीच्या अंगाचं तापमान 41 अंशांच्या पुढे असतं आणि तिला घाम येत नाही. हवा तिशीच्या आसपास गेली की ती चोच उघडून धापा टाकते आणि पाणी वाफेच्या रूपाने बाहेर सोडून अंग गार करते. धापांबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर जातो, रक्ताचं रसायन बिघडतं आणि कवचाला कॅल्शियम कमी पडतं. वर ती खातेही कमी. पातळ कवचामागे ही दोन्ही कारणं एकत्र असतात. नुसते शिंपले वाढवून भागत नाही, धापच कमी करावी लागते.

पाणी आधी. मे महिन्यात एका कोंबडीला 400 ते 500 मिली लागतं, आठ जणींना चार लिटर. पाण्याच्या गरमपणाकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारी दोनचं पाणी हाताला चटका देतं. कोंबडी ते एक घोट घेऊन सोडते आणि मालकाला भांडं भरलेलं दिसतं. टाकीतलं पाणी पहाटे काढून घरात माठात भरून ठेवा आणि भांड्यांत तेच घाला. भांडी पसरट मातीची घ्या, कोरड्या उन्हाळ्यात ती पाझरून पाणी गार ठेवतात. सकाळी सहा, अकरा, दोन आणि पाच, अशा चार वेळा पाणी बदला. उन्हाळ्यात पाण्याचा हिशेब फसवतो, कारण बरंच पाणी उडून जातं. तसंच एक भांडं कोंबड्यांच्या आवाक्याबाहेर सावलीत ठेवा, त्यातली घट वजा करा.

दाण्याची वेळ बदला. अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते आणि खाल्ल्यानंतर काही तासांनी ती शिगेला पोहोचते. सकाळी दहाला पोटभर खाल्लेली कोंबडी ऐन दुपारच्या उन्हात आतूनही तापते. इथे मालव्याची रात्र मदतीला येते. शबे-मालवा म्हणून जिचं कौतुक होतं ती रात्र मे महिन्यातही पंचविशीच्या आसपास उतरते. या गारव्याचा पुरेपूर उपयोग करा. पहिलं खाद्य पहाटे पाचला, दिवसाच्या चाळीस टक्के. साडेदहाला खाद्यपात्र उचला. उरलेलं साठ टक्के संध्याकाळी साडेपाचपासून अंधार पडेपर्यंत. दुपारी फक्त पाणी.

खाद्याचा कस वाढवा. कोंबडी 110 ग्रॅमवरून 90 वर आली तर तिला मिळणारी प्रथिनं 18 ग्रॅमवरून 15 च्या खाली जातात. वरच्या दहा किलोच्या मापात 400 ग्रॅम मका काढून तेवढाच सोया डीओसी घाला, म्हणजे प्रथिनं पावणेअठरा टक्क्यांवर जातात. त्यापुढे जाऊ नका. जादा प्रथिनं पचवताना अंग आणखी तापतं आणि विष्ठेला अमोनियाचा वास सुटतो. हा बदल दिनदर्शिकेतल्या आकड्यांवरून दर कोंबडीमागे येणारं खाद्य सलग चार-पाच दिवस शंभर ग्रॅमखाली राहिलं तरच करा, तारीख बघून नाही.

पारा 40 च्या पुढे जाईल त्या दिवशी सकाळच्या पाण्यात लिटरला एक ग्रॅम खायचा सोडा किंवा पक्ष्यांसाठी मिळणारं इलेक्ट्रोलाइट चिठ्ठीवरच्या प्रमाणात. दोन्ही एकदम नको. शेजारी साध्या पाण्याचं भांडं हवंच. गुळाचं पाणी देत असाल तर चार तासांत फेकून द्या, उन्हात ते आंबतं. संध्याकाळी काकडी, टरबुजाची सालं द्या, पण दाण्याच्या आधी नको.

खुराड्याच्या वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट लावलं की कोरड्या एप्रिल-मे महिन्यांत फरक जाणवतो. जूनमध्ये ढग येऊन हवा दमट झाली की तेच गोणपाट काढून टाका. दमट हवेत पाणी उडत नाही, उलट आतला दमटपणा वाढतो आणि धापा टाकूनही कोंबडी गार होत नाही. पावसाआधीचे ते घुसमटीचे आठ-दहा दिवस मला मे महिन्यापेक्षा जास्त धोक्याचे वाटतात. तेव्हा पंखाच कामाला येतो. एखादी कोंबडी पंख अंगापासून दूर धरून, मान लांबवून, डोळे मिटून बसली असेल तर तिला सावलीत नेऊन पाय आणि पोटाखालचा भाग साध्या पाण्यात बुडवा. बर्फाचं पाणी नको. शुद्धीवर येईपर्यंत चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

पावसाळा : धोका पोत्यात असतो

इंदुरात सरासरी 35-37 इंच पाऊस पडतो आणि भूक आपोआप परत येते. खाद्याचं माप मूळ दहा किलोच्या यादीवर आणा. आता सगळं लक्ष साठवणीवर द्या.

मक्याला दमट हवेत बुरशी धरते आणि तिच्यातल्या एका जातीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. यकृत बिघडतं, अंडी कमी होतात, लस दिलेली असूनही रोग होतो. शेंगदाण्याच्या पेंडीत हा धोका आणखी जास्त, म्हणून जुलै ते सप्टेंबर ती आणूच नये. बुरशी लागलेला मका उन्हात वाळवून वापरायची रीत घरोघरी आहे, ती चुकीची आहे. उन्हाने बुरशी मरते, विष तसंच राहतं. भाजूनही ते पुरेसं जात नाही. असा मका फेकून द्यावा लागतो, गाईलाही घालू नये, कारण ते विष दुधात उतरतं.

मका घेताना ओल तपासायची सोपी युक्ती अशी. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि दोन चमचे पूर्ण कोरडं मीठ घाला, झाकण लावून दोन-तीन मिनिटं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर मका ओला आहे, घेऊ नका. सुटं राहिलं तर घ्यायला हरकत नाही.

1. पंधरा दिवसांचंच खाद्य आणा. पन्नास किलोचं पोतं आठ कोंबड्यांना जवळजवळ दोन महिने पुरतं, तेवढं पावसाळ्यात टिकत नाही. शेजारी कोणी कोंबड्या पाळत असेल तर पोतं वाटून घ्या.
2. घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा. पिंप फळीवर, जमिनीपासून अर्धा फूट वर आणि भिंतीपासून फूटभर लांब.
3. जुनं संपल्यावर पिंप झाडून, पुसून, उन्हात वाळवून मगच नवं भरा. तळाशी उरलेल्या चिमूटभर जुन्या खाद्यातूनच पुढची बुरशी सुरू होते.
4. खाद्यपात्र छपराखाली ठेवा. भिजलेली भरड त्याच दिवशी काढून टाका, ती काही तासांत आंबते.

पाणी गढूळ येत असेल तर रात्रभर निवळू द्या. वरचं पाणी घेऊन 100 लिटरला एक ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर टाका आणि तासाभराने वापरा. पावसाळ्यात मातीची भांडी बंद करा. दमट हवेत ती पाणी गार करत नाहीत, वर शेवाळ धरतात. प्लास्टिकची किंवा स्टीलची आणा.

पिल्लांची विष्ठा रक्ताळ दिसली तर तो कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यांचा परजीवी रोग, असू शकतो. खाली अंथरलेली ओली गादी काढून कोरडा भुसा टाका आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडून औषध आणा. या रोगात एका दिवसाचा उशीर महाग पडतो. इंदुराजवळच्या महूला पशुवैद्यक महाविद्यालय आहे, मेलेला पक्षी तपासून घ्यायचा असेल तर तो बर्फात ठेवून लवकर पोहोचवा. जंताचं औषध पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी द्यावं, मात्रा वजनावर ठरते, ती पशुवैद्याला विचारा.

दसरा-दिवाळी : पिसं झडण्याचे दिवस

दिवस लहान होऊ लागले की वर्षापेक्षा मोठ्या कोंबड्यांची पिसं झडतात आणि अंडी थांबतात. हा आजार नाही. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात, म्हणून उन्हाळ्यातलं जादा सोयाचं माप आता पुन्हा काढा आणि नवी पिसं भरेपर्यंत, दोन-तीन महिने, चालू ठेवा. जाड शिंपले वेगळ्या वाडग्यात असल्याने अंडी न घालणारी कोंबडी ते फारसे खाणार नाही. मापातली चुनखडी मात्र निम्मी करा आणि ती जागा मक्याने भरा.

हिवाळा

डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जातो, कधी पाच-सहावर. कोंबडी 120 ते 125 ग्रॅम खाऊ लागते. ही वाढ पोषणाची नाही, उबेची आहे, तेव्हा महागडी सोया पेंड वाढवण्यात अर्थ नाही. संध्याकाळी अंधार पडायच्या तासभर आधी प्रत्येकी 15 ग्रॅम जाडसर भरडलेला मका किंवा बाजरी टाका. पोटातला दाणा रात्रभर पचत राहतो आणि अंग उबदार ठेवतो. मूठ सैल सोडू नका. कोंबड्या दाणा आवडीने खातात, मग सकाळची भरड कमी खातात आणि कॅल्शियम घटतं. बाजरी जास्त झाली तर बलकही फिका पडतो. या दिवसांत मेथी, शेवग्याचा पाला, लसूणघास म्हणजे इथला रिजका, भरपूर मिळतो. जुडी बांधून डोक्याच्या उंचीला टांगा. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं.

पाण्याचं इथे उलट होतं. रात्रभर उघड्यावर गार झालेलं पाणी कोंबडी कमी पिते, पाणी कमी प्यायली की दाणाही कमी खाते. रात्री भांडी रिकामी करून पालथी घाला आणि सकाळी सातला, पहाटे दिवा लावत असाल तर तो लावतानाच, कोमट पाणी भरा. मनगटाच्या आतल्या बाजूला उबदार लागेल एवढंच.

अंडी हवी असतील तर उजेडाचाही हिशेब करा. इंदुरात डिसेंबरचा दिवस पावणेअकरा तासांचा असतो, अंड्यासाठी 14 तास लागतात. नऊ वॉटचा एक पिवळा एलईडी दिवा खुराड्यात पुरतो. तो पहाटे चारला लावा आणि पुरता उजेड झाल्यावर बंद करा. संध्याकाळी लावला तर बंद करताना एकदम काळोख होतो आणि कोंबड्या दांड्यावर चढायच्या राहून जातात. उजेड आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवा, आणि दिवा लागेल तेव्हा समोर दाणा-पाणी असू द्या. अठरा आठवड्यांखालच्या तलंगांना हा उजेड नको, त्या लहान अंगानेच अंड्यावर येतात. पिसं झडत असलेल्या जुन्या कोंबड्यांना विश्रांती द्यावी असं माझं मत आहे.

फेब्रुवारीच्या शेवटी दुपारी पन्हळीत दाणा शिल्लक राहू लागतो. त्याच आठवड्यात संध्याकाळचा मका बंद करा, मातीची भांडी घासून बाहेर काढा आणि त्यांची सावलीतली जागा होळीच्या आधी ठरवा.